‘स्लीप होऊन पडला’ एवढ्यावर पंचनामा संपत नाही

२० मार्चला महाडला चवदार तळ्यावर अभिवादन करून परत येताना आमच्या गटातला एक कार्यकर्ता घाटात पडला. अकरा गाड्या होत्या, त्याची पाचवी. डावीकडचे वळण, चढ, वेग ४० च्या आसपास. त्याच्या मागच्या गाडीवर आमच्यातलेच दोघे होते आणि त्यांचा काटा ४० वर होता, म्हणून वेगाचे एवढे खात्रीने सांगतो. मागचे चाक सरकले, गाडी आडवी झाली, तो आणि मागे बसलेला सहकारी दोघेही खडीवरून घासत गेले. त्याचे कॉलरबोन मोडले, मागच्याचे मनगट. त्या क्षणी समोरून एसटी आली नाही, म्हणून आज हा लेख लिहिता येतो आहे.

घाटाचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की चर्चा त्या घाटाची होते. हे वळण महाराष्ट्रातल्या कुठल्याही घाटात सापडेल.

पुढच्या आठवडाभरात या अपघाताचे तीन निकाल लागले. पहिला घरातून. काकू म्हणाल्या, ‘नशीब बलवत्तर म्हणून वाचला.’ काकूंना आम्ही काही बोललो नाही, ती वेळ नव्हती. पण देव घराबाहेर गेला तरी नशीब अजून माजघरात बसून आहे, हे मनात आलेच. दुसरा निकाल पोलिसांचा. मागे बसलेला जखमी झाला म्हणून चालवणाऱ्यावरच गुन्हा. हयगयीने, भरधाव वेगात वाहन चालवून स्वतःच्या व दुसऱ्याच्या दुखापतीस कारणीभूत. तिसरा निकाल आमच्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लागला आणि तोच आम्हाला जास्त लागला. अर्धे म्हणाले, ‘त्याला गाडी चालवता येत नाही, पुढच्या वेळी घेऊ नका.’ उरलेले अर्धे म्हणाले, ‘रस्ते असे ठेवलेत, सगळा दोष व्यवस्थेचा.’

नशीब, रायडर, व्यवस्था. तिन्ही निकाल देणाऱ्यांत एक गोष्ट सारखी होती: कोणीही टायर पाहिला नव्हता आणि कोणीही त्या वळणावर परत गेला नव्हता.

आम्ही दहा दिवसांनी गेलो. सोबत मोजपट्टी, वीस मीटरची दोरी आणि गावातला एक मेकॅनिक. तो गेली वीस-बावीस वर्षे पडलेल्या गाड्याच दुरुस्त करतो आहे. त्याने वळण पाहण्याआधी गाडी पाहिली. मागच्या टायरवर हाताचा तळवा ठेवला आणि म्हणाला, ‘भाऊ, हा टायर गोल कुठंय? हा तर पाट झालाय.’

ते वाक्य समजून घेण्यासारखे आहे. मोटारसायकलचा टायर मोटारीच्या टायरसारखा सपाट नसतो, त्याचा आडवा छेद गोलाकार असतो. तो तसा असतो कारण मोटारसायकल वळते ती झुकून. सरळ चालताना टायरचा मधला पट्टा रस्त्याला टेकतो, झुकल्यावर बाजूचा. कुठल्याही क्षणी रस्त्याला टेकलेला रबराचा भाग जेमतेम तळहाताएवढा, छोट्या गाडीच्या अरुंद टायरचा तर त्याहूनही कमी. दोन चाकांचे असे दोन तुकडे, आणि त्यांच्यावर दोन माणसे, एक गाडी, एक झेंडा. आमचा हा सहकारी शहरात पार्सल पोहोचवण्याचे काम करतो. दिवसाला ऐंशी-शंभर किलोमीटर, सगळे सरळ रस्त्याचे, सिग्नल ते सिग्नल. त्यामुळे टायरचा मधला भाग घासून सपाट झाला, बाजूचा तसाच राहिला, आणि दोहोंच्या मध्ये एक कड तयार झाली. सरळ चालताना अशी गाडी काहीच तक्रार करत नाही. झुकवली की आधी झुकायला नकार देते आणि कड ओलांडली की एकदम पडल्यासारखी आत येते. शहरात हे कधी कळत नाही, पहिल्यांदा कळते ते घाटात.

दोन महिन्यांपासून त्याला टायर बदलायचा होता. शंभर सीसीच्या गाडीचा मागचा टायर दीड-दोन हजारांच्या घरात जातो. आधी बहिणीची फी, मग मोबाईल, कारण मोबाईल बंद पडला की कामच बंद. टायर थांबू शकतो, म्हणून टायर थांबला. अ‍ॅपवरच्या कामात पेट्रोल आपले, गाडी आपली, आणि घासणारे रबरही आपलेच. प्रत्येक फेरीत टायर किती घासला याची ओळ कमाईच्या पडद्यावर कधी दिसत नाही. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही श्रमाच्या अदृश्य खर्चावर निबंध लिहिले होते. तो खर्च बोटाने चाचपून पाहता येतो, हे त्या दिवशी कळले.

आता वळण. मोठे वाहन वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, ती आतून जातात. एसटी, डंपर, उसाची ट्रॉली, सगळ्यांचे तसेच. म्हणून घाटातल्या वळणाची आतली कड डांबरासकट तुटते, चाके साईडपट्टीवर उतरतात आणि तिथली खडी वर रस्त्यावर ओढून आणतात. पडलेल्या ठिकाणी नेमकी हीच खडी होती, हातभर रुंदीच्या पट्ट्यात, अगदी आतल्या कडेला. तो तिथे का गेला? कारण समोरून येणाऱ्या गाड्या मधली रेषा ओलांडून येतात, हे त्याला माहीत होते. एसटीच्या भीतीने तो डावीकडे सरकला आणि खडीवर गेला. खडी दिसताच पायाचा ब्रेक दाबला. झुकलेल्या गाडीवर, सपाट टायरवर, खडीवर.

इथे थोडे विज्ञान लागेल. कंटाळू नका, पगाराच्या हिशेबाएवढेच आहे.

टायरकडे एका क्षणाला जेवढी ग्रिप असते तेवढीच असते. त्याच ग्रिपमधून वळायचे, त्यातूनच ब्रेक मारायचा, त्यातूनच वेग वाढवायचा. महिन्याच्या पगारातून घरभाडे जास्त गेले तर किराणा कमी येतो, तसेच. वळणात सगळी ग्रिप वळण्यात खर्च झालेली असेल आणि तुम्ही ब्रेक दाबलात, तर तुम्ही खात्यात नसलेले पैसे काढायला गेलात. बँक नोटीस तरी पाठवते, टायर पाठवत नाही.

वळायला किती ग्रिप लागते हे दोनच गोष्टींवर ठरते, वेग आणि वळणाची त्रिज्या. गाडी जड की हलकी, याने हे प्रमाण बदलत नाही. वेग मात्र वर्गाने मोजला जातो. ४० चा ५० केला की वेग पाव हिश्शाने वाढतो, पण ग्रिपची मागणी दीडपटीहून जास्त होते. आमच्या वळणावर आम्ही वीस मीटरची दोरी रस्त्याच्या कडेला दोन टोकांवर ताणली. मध्यभागी दोरीपासून कडेचे अंतर पावणेदोन मीटर भरले. शाळेतल्या भूमितीने त्रिज्या निघते साधारण ३० मीटर. अशा वळणावर, रस्ता सपाट धरला तर, ताशी ४० किलोमीटरने जायला गाडीच्या वजनाच्या सुमारे ०.४२ पट बाजूचा आधार लागतो आणि गाडी जवळपास २३ अंश झुकते. ५० ने गेलात तर ०.६५ आणि ३३ अंश. ६० ने गेलात तर ०.९४ आणि ४३ अंश. कोरड्या, स्वच्छ डांबरावर चांगला टायर ०.७ ते ०.८ च्या आसपास देतो. ओल्या रस्त्यावर हा आकडा बराच खाली येतो आणि सुट्या खडीवर तर निम्म्याच्या आसपास. म्हणजे ४० चा वेग स्वच्छ डांबरावर अर्ध्या पगारात भागत होता. खडीवर तोच वेग सगळा पगार खाऊन बसला होता. वरून ब्रेक.

मग पोलिसांचे खरे की नाही? प्रामाणिकपणे सांगायचे तर अर्धे खरे. रस्ते बांधणाऱ्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मानके आहेत. त्यांत डोंगराळ भागातल्या वळणाला बाहेरच्या बाजूने जास्तीत जास्त १० टक्के उतार द्यायचा असतो आणि टायर-रस्त्याच्या बाजूच्या घर्षणाचा भरवसा फक्त ०.१५ एवढाच धरायचा असतो. ही मोठी शहाणी तरतूद आहे. रस्ता ०.७ देऊ शकतो हे माहीत असूनही इंजिनिअर कागदावर ०.१५ वर थांबतो. पाऊस पडेल, टायर जुना असेल, माणूस दचकेल, हे तो गृहीत धरतो. या हिशेबाने ३० मीटरच्या वळणाचा वेग निघतो ताशी ३० किलोमीटर. आमचा मित्र ४० वर होता, म्हणजे दहाने जास्त. हे आम्ही लपवणार नाही.

पण मग बाकीचा कागदही उघडा. त्या वळणावर बाहेरच्या बाजूची उंची कुठे होती? एकावर एक ठिगळे टाकून रस्ता जवळपास सपाट झाला आहे, एका ठिकाणी तर उलटा उतार आहे. आतली कड तुटल्यावर ती बांधून काढणे कोणाचे काम होते? वेगाचा फलक कुठे होता? वळणाच्या आधी सावध करणारा एकही फलक नाही. मानकातली सावधगिरी कंत्राटदाराने आणि खात्याने आधीच खाऊन टाकली होती. उरलेला हिशेब एका पार्सलवाल्याच्या घासलेल्या टायरवर सोडला आणि तोही जेव्हा पुरला नाही तेव्हा गुन्हा त्याच्यावर लिहिला.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची माणसे ४४.५ टक्के. याच अहवालात सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण ‘अतिवेग’ लिहिलेले आहे. हा आकडा वाचताना तो कुठून येतो तेही पाहा. तो येतो ठाण्यात भरलेल्या फॉर्ममधून. वळणाची त्रिज्या, उतार, खडी, टायरची नक्षी हे मोजायला तिथे ना साधन असते ना सवड. ‘अतिवेग’ लिहायला काहीच मोजावे लागत नाही. वेग जास्त नसतो असे आमचे म्हणणे नाही. पण एकदा ‘अतिवेग’ लिहिला की रस्त्याची चौकशी आपोआप संपते. म्हणून हा शब्द एवढा लाडका आहे.

कायदा तर आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८ अ आले. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर संबंधित यंत्रणेला, कंत्राटदाराला, सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. एक लाख! कोट्यवधींच्या कामात. तरीही ते कलम हातात असणे आणि नसणे यात फरक आहे, आणि आपल्यातल्या किती वकील मित्रांनी ते एकदा तरी वापरले, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यावी असे सांगितले. चांगले झाले. पण आमच्या वळणावर खड्डा नव्हता, खडी होती. तुटलेली कड होती, नसलेला उतार होता. हे फोटोत खड्ड्यासारखे दिसत नाही, म्हणून ते मोजून दाखवावे लागते.

आता ग्रुपवरच्या दुसऱ्या अर्ध्या लोकांकडे, जे म्हणतात सगळा दोष व्यवस्थेचा. मित्रहो, तुमचे म्हणणे ऐकायला आम्हालाही आवडते, कारण त्यात आपल्याला काहीच करावे लागत नाही.

बाबासाहेबांनी स्वतःचा एक अपघात लिहून ठेवला आहे. साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीच्या कामाने ते खानदेशात गेले होते. परतताना चाळीसगावच्या लोकांनी आग्रह केला म्हणून तिथे उतरले. स्टेशनवरून वस्तीत नेण्यासाठी टांगा हवा, तर एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून हाकायला तयार नाही. तडजोड निघाली: टांगा मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही बघा. वस्तीतला एक जण हाकायला बसला, त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. वाटेत नदीवर फरशीचा पूल, त्याला कठडे नाहीत, काही फुटांवर एकेक दगड रोवलेला. रस्ता पुलाशी काटकोनात येत होता, म्हणजे एकदम वळावे लागे. त्या वळणावर घोडा उधळला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब उचलून फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत. पायाचे हाड मोडले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये हे सगळे आहे.

आम्ही हा प्रसंग अनेकदा जातीच्या भाषणात सांगितला आहे. या वेळी तो वळणाच्या बाजूने वाचला आणि त्यातली मांडणी वेगळीच दिसली. बाबासाहेब फक्त ‘जातीमुळे अपघात झाला’ असे लिहून थांबत नाहीत. कठडे नसलेला पूल, दगडांमधले अंतर, काटकोनी वळण, न शिकलेला हाकणारा, हे सगळे लिहितात. मग तो न शिकलेला माणूस त्या जागेवर का बसला ते सांगतात. एकही कडी सोडत नाहीत. नशीब नाही, घोड्याचा दोष नाही, आणि त्या बिचाऱ्या हाकणाऱ्यावर गुन्हाही नाही. कारणांची अख्खी साखळी. अपघाताचा पंचनामा असा करायचा असतो. आपण मात्र आपल्याला सोयीची एक कडी उचलतो आणि घरी जातो.

त्या साखळीतली आणखी एक कडी पाहा. एप्रिल २०१९ पासून देशात १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचे झाले. त्या नियमात १२५ पर्यंतच्या गाड्यांना मात्र सीबीएसची मुभा होती. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. सीबीएस फक्त एका ब्रेकचा जोर दोन्ही चाकांवर वाटते, जाम होणाऱ्या चाकाला थांबवत नाही. पाऊस दोघांवर सारखाच पडतो, खडी दोघांच्या चाकाखाली सारखीच, पण चाक सरकू न देण्याची सोय पाकीट पाहून मिळते. आपल्या वस्तीत उभ्या असलेल्या गाड्या मोजा. शंभर, एकशे दहा, एकशे पंचवीस. म्हणजे ज्याच्याकडे टायरला पैसे नाहीत, त्याच्याच गाडीत ब्रेकची चूक सांभाळून घेणारे यंत्र नाही. वळणात झुकलेले असताना एबीएसही सगळे वाचवत नाही, हेही खरे. पण सरळ रस्त्यावर घाबरून मारलेल्या ब्रेकने जाम होणारे चाक ते नक्की वाचवते.

एवढे झाल्यावर प्रश्न राहतो आपल्या हातात काय आहे. आम्ही ते थोडक्यात सांगणार नाही, कारण इथेच आपण सगळ्यात आळशी आहोत.

१४ एप्रिलच्या रॅलीच्या आदल्या दिवशी गाडी धुतो, चमकवतो, सर्व्हिसिंगवाला टायरलाही पॉलिश मारून देतो. रस्त्याला टेकणाऱ्या भागाला पॉलिश लावणे म्हणजे पायरीवर तेल ओतणे. त्यापेक्षा टायरच्या खाचांत वाकून पाहा. खाचांच्या तळाशी मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी घासून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर संपला. नियमाने दुचाकीच्या टायरला किमान ०.८ मिलिमीटर नक्षी हवी, पण पावसाळ्यात घाट चढायचा असेल तर तिथपर्यंत वाट पाहू नका. पाणी खाचांतूनच बाहेर पडते. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. ३५१७ असेल तर २०१७ चा पस्तिसावा आठवडा. रबर वापरले नाही तरी वयाने कडक होते. नक्षी दिसते म्हणून टायर चांगला, असे नाही. आणि जुन्या टायरवर गरम पात्याने नव्या खाचा कोरून स्वस्तात विकणारे आहेत, त्यांच्याकडे फिरकू नका, त्या खाचांखाली रबर उरलेलेच नसते. नवा टायर टाकला की त्याचा वरचा थर निसरडा असतो, पहिले शंभरएक किलोमीटर हात राखून चालवा.

हवा आठवड्याला एकदा, टायर थंड असताना. किती भरायची ते गाडीवरच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेले असते, आणि डबलसीटचा मागचा आकडा एकट्याच्या आकड्यापेक्षा बराच जास्त असतो. महाडला डबलसीट जाणाऱ्या आमच्या अकरा गाड्यांपैकी एकाने तरी तो आकडा पाहिला होता का? नव्हता. आम्हीही नव्हता. हवा कमी असली तर टायर वळणात दबून लुळा पडतो, जास्त असली तर खराब रस्त्यावर चेंडूसारखा उडतो. उडालेल्या चाकाला ग्रिप शून्य, कारण ग्रिप चाकावरच्या भाराने मिळते. म्हणूनच शॉकअपमधून तेल गळत असेल तर तो ‘नंतर बघू’ चा विषय नाही. हँडलचा कोनसेट ढिला असेल, मागच्या चाकाला आडवा प्ले असेल, तर वळणात गाडी आपोआप डोलते आणि चालवणारा उगाच स्वतःला दोष देतो.

चालवण्याबद्दल एकच गोष्ट सगळ्यात आधी शिका: ब्रेक वळणाच्या आधी. सरळ असतानाच वेग उतरवा, गिअर उतरवा, मग झुका, आणि वळणात हलकी, सलग रेस ठेवा. वळणात शिरल्यावर खडी दिसली तर दचकून ब्रेक नाही. जागा असेल तर गाडी सरळ करा, सरळ झाली की ब्रेक. जागा नसेल तर ब्रेक, रेस, हँडल, काहीच झटक्याने नाही. डोळे खडीवर रोवू नका, नजर जिथे जाते तिथे गाडी जाते, बाहेर पडायच्या वाटेकडे बघा. डाव्या वळणावर अगदी आत चिकटू नका, खडी तिथेच असते आणि पुढचे दिसतही नाही. आपल्या बाजूच्या मध्याजवळ राहा, समोरचे वाहन दिसले की तेव्हा डावीकडे या. उजव्या वळणावर उलट, कारण चाक आपल्या बाजूला असले तरी झुकल्यावर डोके मधल्या रेषेपलीकडे जाते.

रस्ता वाचायची सवय लावा. पहिल्या पावसाचा पहिला तास सगळ्यात वाईट, वर्षभराचे तेल आणि धूळ वर येते. भरलेल्या टाकीचा ट्रक वळतो तिथे डिझेल सांडलेले असते, आधी वास येतो. पांढरे पट्टे ओले झाले की काच. साखर कारखान्याच्या हंगामात रस्त्यावर पाचट आणि ट्रॉलीचा चिखल, विदर्भ-मराठवाड्यात काळी माती, आणि काढणीच्या दिवसांत डांबरावर पसरलेले सोयाबीन. सोयाबीनच्या दाण्यावर वळायचा प्रयत्न एकदा करून पाहिलेला माणूस पुन्हा करत नाही.

झेंड्याचे तेवढे बोलायलाच हवे. मागच्याने उंच काठीला मोठा झेंडा धरला की बाजूचा वारा झेंड्याला लागतो आणि गाडी वरून ढकलली जाते. ट्रिपल सीट असेल तर बोलायलाच नको. घाटाच्या आधी झेंडा गुंडाळा, वर पठारावर पुन्हा उघडा. झेंडा गुंडाळल्याने तो झुकत नाही. यावर आम्हाला शिव्या पडतील, हे माहीत आहे. आणि टायरच्या कडेपर्यंत घासले नाही म्हणजे गाडी झुकवता येत नाही, असे हिणवणारे रील पाहून घाटात स्पर्धा करणाऱ्या पोरांना एवढेच सांगू, की ते रील बनवणारे खडी झाडलेल्या रस्त्यावर, नव्या टायरवर, अंगभर पॅडिंग घालून चालवतात. तुमच्या अंगावर निळा शर्ट असतो.

आमच्या मित्राचे हाड जुळले आहे, उजवा हात अजून पूर्ण वर जात नाही. काम दोन महिने बंद होते. त्या काळात घरात काय झाले ते इथे लिहिणे त्याला आवडणार नाही. आम्ही गटात दरमहा पन्नास रुपये काढायला सुरुवात केली आहे, टायर फंड म्हणून. पहिला टायर त्याच्याच गाडीला बसला. लेखी अर्जात त्रिज्या, दोरीचे माप, तुटलेल्या कडेची लांबी, नसलेल्या फलकाचे फोटो आणि कलम १९८ अ असे सगळे जोडून खात्याला दिले आहे. एक प्रत पोलीस ठाण्यात दिली, तपासाच्या कागदांत लावून घ्या म्हणून. ठाण्यातल्या हवालदारांनी दोरीचे माप दोनदा वाचले आणि विचारले, ‘हे तुम्ही मोजलं?’ हो म्हणालो. त्यांनी शिक्का मारून पोच दिली. खात्याकडून अजून उत्तर नाही. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र जाईल, मग माहिती अधिकारात अर्ज.

येत्या २० मार्चला निघायची वेळ पहाटे पाच नाही, सहा. घाटाच्या पायथ्याला चहा, तिथेच हवेचा गेज आणि टॉर्च घेऊन तो मेकॅनिक उभा असेल. ज्याच्या टायरचे उंचवटे वर आलेले दिसतील, तो मागच्या सीटवर बसेल आणि गाडी तिथल्या गॅरेजला राहील. अध्यक्षांच्या गाडीपासून सुरुवात करू, कारण तिचा मागचा टायर आम्ही पाहिला आहे.